लढाईचं पारायण

आमच्या घरी अमेरिकेतली लढाई चौरंगावर होत जाय. सकाळी आंघोळ झाली, की मामाजी लाल फडक्याची गाठ सोडे, उदबत्ती लावे, अन् लढाई सुरू! खोटं नाई सांगून राह्यली मी. सारं गाव साक्षीले आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. गावासाठी नथ्थूजी पाटील. आमचं गाव मूर्तिजापूरच्या वाटेवर, काळ्या जमिनीचं, कापसाचं. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस निघेना, अन् विलायतच्या गिरण्यायले एकाएकी आमचा वऱ्हाडचा कापूस गोड लागू लागला. मग काय इचारता! दोन-तीन वर्सांत गाव येडं झालं. दौलतरावानं टोले देणारं घड्याळ आणलं. त्यात वेळ पाहता कोणालेच येत नव्हतं, पण टोले पडले की दौलतराव अंगणात येऊन चौफेर पाहे, जसे त्यानंच दिले. उत्तमरावानं बैलायच्या शिंगायले चांदीच्या शेंब्या केल्या, अन् मग चोराच्या धाकानं सोता गोठ्यात मुक्काम हलवला. मामाजीनं काय आणलं? रद्दी.

थांबा, पयल्यापासून सांगते. क्रमानं. मामाजीचाच शब्द आहे हा. जेवणात भाजीच्या आधी भात कालवला तरी ते म्हणे, "क्रमानं घे, पोरी, क्रमानं."

आमच्या घरात वाचणं म्हणजे एकच, श्रावणातली पोथी. दुसऱ्या कशाले वाचणं म्हणत असतीन, हे कोणाले ठाऊकच नव्हतं. आंघोळ करून बसायचं, पूर्वेकडे तोंड करायचं, पयल्या पानापासून सुरू करायचं, अध्याय अर्धा सोडायचा नाई, पुढचं पान आधी पाहायचं नाई, हसायचं नाई, शंका काढायची नाई. समजलं पायजे असा नेम मात्र कुठंच नव्हता. पुण्य सगळ्यायले सारखंच लागे.

अमरावतीच्या बाजारात केवलचंद नावाचा दलाल होता. मामाजी गाड्या घेऊन गेले अन् त्यायनं भाव इचारला, की केवलचंद पयले बाजूचं वर्तमानपत्र उचले, एक नजर टाके, अन् मग भाव सांगे. दर खेपेले भाव चढलेला. मामाजीनं तीन खेपा हे बारकाईनं पाह्यलं. चौथ्या खेपेले घरी आले ते अंगणातूनच सासूबाईले हाका मारत.

"अवं, आयकतं का? भावाची किल्ली सापडली! तो शेट काई तरी वाचते, अन् वाचलं की भाव चढते."

सासूबाई मिरच्या निवडून राह्यल्या होत्या. मान वर न करता म्हणे, "वाचून भाव कसा चढन?"

"पोथी वाचून पोरगं होते, पोथी वाचून पाऊस पडते. मग भावानंच काय घोडं मारलं?"

पुढच्या खेपेले मामाजीनं केवलचंदजवळ ती पोथी मागितली. केवलचंदनं मागच्या सालची अख्खी थप्पी सुतळीनं बांधून देऊन टाकली. रद्दीवर गिऱ्हाईक बांधून होत असन तं कोणाले नको? मामाजीनं ती थप्पी गावात गाडीतून आणली नाई. वेशीपासून घरापर्यंत डोक्यावर घेऊन आले, अनवाणी. वहाणा हातात.

मग चौरंग आला, लाल फडकं आलं, हळदकुंकू आलं. अकोल्याहून चष्मा आला. मामाजीची नजर घारीसारखी होती, चष्म्यातून त्यायले काईच दिसत नव्हतं. म्हणून चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा अन् त्याच्या वरून वाचायचं. चांगला मुहूर्त पाहून सगळ्यात जुना अंक काढला, अन् पोथीच्या चालीवर, अक्षर अक्षर लावून, सुरुवात केली.

कसं वाचत म्हणता! गव्हर्नर साहेबायची स्वारी, मुंबईतल्या चोऱ्या, सारं एकाच चालीत. "येऽथेऽ विलायतीऽ छत्र्याऽ स्वस्त मिऽळतील होऽ" असं आलं, की मामाजीची म्हातारी आत्या भागाबाई डोळे मिटून हात जोडे. मले हसू आवरेना, मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसे. सगळ्यात शेवटी छापणाऱ्याचं नाव अन् छापखान्याचा पत्ता असते ना, ती फलश्रुती. ती झाली की आरती, नारळ, खडीसाखर.

अन् खरंच भाव चढला की हो! लढाई चालूच होती, चढणार नाई तं काय. पण गावाले कोण सांगणार? आठ दिवसांत ओसरी भरू लागली. आधी घरची चार माणसं, मग भाऊकी, मग अर्धं गाव. ज्याच्या घरी कापूस तो नारळ घेऊन येई. दौलतराव तं एकदा म्हणे, "पाटील, आज दोन अध्याय लावा ना. माझ्या गाड्या परवा निघून राह्यल्या."

"दोन नाई. क्रमानं."

दिवसाले एकच अंक, हा नेम. त्यात भाऊकीतली म्हातारी वारली, दहा दिवस सुतक, लढाई बंद. माझी पोरगी झाली, दहा दिवस सोयर, लढाई परत बंद. अमेरिकेतल्या शिपायायनं माझ्या पोरीचे उपकार मानले पायजे. इकडं केवलचंद दर खेपेले नवीन गठ्ठा देई, मामाजी तो भक्तीनं थप्पीच्या खाली सरकवे. म्हणजे ताजं सगळ्यात खाली, शिळं सगळ्यात वर, अन् आम्ही दिवसेंदिवस दुनियेच्या मागं. मुंबईची दिवाळी आमच्याकडे होळीनंतर होई. एकदा समुद्रात एक जहाज बुडालं, तं आमच्या ओसरीवर बायायनं डोळ्याले पदर लावले. मामाजी अकोल्याले गेले होते, तिथं रेलच्या ठेसनावर मुंबईचा कोणी माणूस भेटला, त्याच्याजवळ हळहळू लागले. तो म्हणे, "बाबा, त्या गोष्टीला दीड वर्ष झालं."

मामाजी म्हणे, "तुमच्यासाठी झालं असन. आमच्याकडे कालच बुडालं."

पण एक सांगू? या पारायणानं घरात काई तरी हलू लागलं होतं. आधी आमच्या घरी जेवताना बोलणं म्हणजे मीठ कमी, मीठ जास्त. आता भागाबाई भाकर मोडता मोडता इचारे, "त्या अमेरिकेत ज्वारी होते का वो?" मामाजी म्हणे, "अजून तो अध्याय आला नाई."

सासूबाई मात्र मागं बसून वाती वळत, अन् कधी काई इचारत नसत. त्यायचं सारं ध्यान वाडीत. विहिरीजवळचा तुकडा. त्या लग्न होऊन आल्या तवा तिथं नुसता तरोटा माजला होता. त्यायनं सोता खुरपून तिथं वांगे, मिरच्या, मेथी, बांधाले झेंडू केला. कापसानं गाव पांढरं झालं, घरोघरच्या भाज्यायच्या जागेत कापूस घुसला, पण वाडीत सासूबाईनं कापसाचं एक झाड लावू दिलं नाई. म्हणे, "कापूस काई फोडणीले टाकता येत नाई."

अन् एका सकाळी त्या बोलल्या. त्या दिवशीच्या अंकात आलं होतं, की अमेरिकेत कापसाच्या वावरात गुलाम राबते, त्यायले बाजारात इकते, अन् एक बाजू म्हणते यायले सोडा, दुसरी म्हणते नाई सोडत, म्हणून ही लढाई. मामाजीनं हे बी छत्र्यायच्याच चालीत वाचलं.

"आयकलं का?" मागून आवाज आला. सारे वळून पाहू लागले. "तिथं कापूस हे गुलाम वेचते?"

"असं लिहून आहे."

"बाया बी?"

"असतीन."

"अन् लढाई संपली तं त्या सुटतीन?"

"सुटतीन."

"अन् लढाई संपली तं आपला भाव पडन."

"हो नं! म्हणून तं पारायण."

सासूबाईच्या हातातली वात तशीच राह्यली. "म्हणजे त्या बाया सुटू नाई, म्हणून आपण रोज नारळ फोडून राह्यलो का?"

दौलतरावाचं घड्याळ तेवढं दुरून टोले देऊन राह्यलं होतं. मामाजी चष्म्यावरून पाहत राह्यले, मग एवढंच म्हणे, "पोथीत शंका काढायच्या नाई." अन् पुढची जाहिरात मोठ्यानं वाचली. पण त्या दिवशी नारळ फोडताना त्यायचा नेम चुकला, दगड अंगठ्यावर बसला.

आता ती गोष्ट, जी मले सांगायची नव्हती, पण सांगितल्याबिगर पुढचं कळणार नाई. एका दुपारी मी सरकीची टोपली ठेवाले कापसाच्या खोलीत गेली. पाहते तं सासूबाई कापसात गुडघाभर बसलेल्या, मांडीवर थप्पीतला सगळ्यात खालचा अंक, अन् ओठ हलून राह्यले! माझ्या हातून टोपलीच पडली. बाई वाचू लागली तं नवरा जाते, असं आमाले पाळण्यात असल्यापासून सांगतलेलं.

"दार लाव," त्या म्हणे. "तुये मामाजी जित्ते आहेत. आत्ताच दोन भाकरी खाऊन गेले."

मग सांगतलं. माहेरी भाऊ धूळपाटीवर अक्षरं गिरवे. अक्षर मोडून धूळ परत सपाट करायचं काम बहिणीचं. "सपाट करायच्या आधी पाहून घेत जाय मी," त्या म्हणे. बस, एवढंच त्यायचं शिकणं. इतकी वर्सं चुलीजवळ गप बसल्या, कारण वाचायले घरात काई नव्हतं अन् सांगायले कोणी नव्हतं. मामाजीनं थप्पी आणली अन् त्यायची दुपारची झोप उडाली.

"मले बी शिकवा," मी म्हटलं.

"सूप आण. अन् मूठभर पीठ."

अशी मी शिकली. सुपातल्या ज्वारीच्या पिठात बोटानं. धडा झाला की त्याच पिठाची भाकर थापायची. एक दिवस मी इचारलं, "तुमी मागचा अंक आधी काहून वाचता? क्रमानं नाई वाचत?"

"मेथी घेताना तू ताजी पाहतं का शिळी? मग बातमी शिळी काहून घ्याची?"

अन् ताज्या अंकात काय होतं? लढाई संपली. चांगल्या मोठ्या अक्षरात. तिकडची हरलेली फौज हत्यारं टाकून घरी गेली, गुलाम सुटले, कापसाच्या गाठी पुन्हा विलायतेले निघणार, इकडं मुंबईचे व्यापारी डोक्याले हात लावून बसले. आमच्या चौरंगावर मात्र लढाई ऐन भरात. अजून कित्येक महिने चालणार होती.

"मामाजीले सांगा ना!"

"कोणत्या तोंडानं? पयले मले वाचता येते हे सांगा लागन. मग पोथी बाटली, म्हणतीन. मग बातमी खरी धरतीन का?"

तिकडं बाजारात केवलचंद सांगू लागला, भाव पडला. मामाजी त्याले हसले! म्हणे, "शेटजी, तुमी वाचनात कच्चे. लढाई तं आत्ता रंगात आली." गाड्या वापस घरी. खोली भरली, माजघर भरलं, पाळण्याखाली कापूस. माझी पोरगी दिवसभर शिंकत राहे. अन् केवलचंद काई येडा नव्हता. पाटील कोणत्या सालात राहून राह्यले, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं. अंक तं त्यानंच दिलेले. तवापासून नवीन गठ्ठा देणंच त्यानं बंद केलं.

एका खेपेले तो गोड आवाजात म्हणे, "पाटील, तुमचा वाचनावर भरोसा, माझा तुमच्यावर. माझी कोठीभर सरकी काढलेली रुई घ्या, अन् मले ती विहिरीजवळची वाडी द्या. भाव चढला की तुमी राजे."

मामाजी नाचतच घरी आले. मंगळवारी सकाळी लिहून द्यायचं ठरलं. सासूबाईनं आयकलं अन् त्या उठून वाडीत गेल्या. मी मागून गेली. त्या वांग्याच्या वाफ्यात उभ्या होत्या, हाताले हळद तशीच लागलेली, लोणच्याची.

"आता तं सांगा," मी म्हटलं.

"सांगणार नाई," त्या म्हणे. "त्यायच्याच तोंडून वदवीन."

मंगळवारी केवलचंद आला. संगं कुळकर्णी, दौत, कागद. ओसरीवर जाजम टाकलेलं, गाव जमलेलं. कुळकर्ण्यानं बोरू बुडवला, तेवढ्यात दाराआडून सासूबाईचा आवाज आला.

"आयकलं का? एवढं मोठं काम, अन् पारायणाची समाप्ती नाई केली?"

मामाजी चपापले. "समाप्तीले अजून लय अंक आहेत."

"सारी पोथी होत नसन तं शेवटचा अध्याय वाचायचा. सगळ्या पोथीचं पुण्य लागते. तुमीच सांगता ना दर श्रावणात?"

आता हा नेम खराच होता. आजारी माणूस, वाटेचा माणूस, शेवटचा अध्याय वाचून मोकळा होते. भागाबाई लगेच मान हलवू लागली. दौलतरावही म्हणे, "खरं आहे, शुभ होईन."

शुभ वाटलं नाई ते एका केवलचंदले. तो जाजमावरून अर्धा उठला. "पाटील, मुहूर्त जाऊन राह्यला! पोथी मागून वाचा. आधी सही होऊ द्या."

"शेटजी," मामाजी म्हणे, "तुमी पोथी देता, पण तिचे नेम नाई पाळत. बसा."

लाल फडकं सुटलं. थप्पी उलटी झाली. सगळ्यात खालचा अंक चौरंगावर आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अन् मामाजीनं चाल धरली, "अमेऽरिकेतीऽल लढाऽई समाऽप्त झालीऽ होऽ..."

चाल तशीच पुढं गेली. मागं दोन बाया हात जोडूनच बसल्या होत्या. "दाऽस मुक्तऽ झालेऽ, काऽपसाचाऽ भाऽव एकाऽएकी..." अन् इथं आवाज थांबला. मामाजीनं चष्मा काढून खाली ठेवला. ते वाक्य परत वाचलं. पयल्यांदा, माझ्या देखत पयल्यांदा, बिगर चालीचं. माणूस बोलते तसं.

केवलचंद वहाणा शोधू लागला.

"बसा, शेटजी," मामाजी म्हणे. "अध्याय अर्धा सोडता येत नाई."

अन् काय सांगू, त्यायनं सारा अंक वाचला! छत्र्या, चोऱ्या, छापखान्याचा पत्ता, सारं. आरती केली. केवलचंदच्या तळहातावर खडीसाखर ठेवली, अन् कुळकर्ण्याले म्हणे, "बोरू पुसून ठेवा. वाडी देणं नाई."

लोक उठले. मामाजी तो अंक घडी घालता घालता थबकले. पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलेला होता. साफ, पिवळा. त्यायनं दाराकडे पाह्यलं. दाराआड मी अन् सासूबाई उभ्या. माझ्या मनात एकच, आता पोथी बाटली म्हणतीन, आता सूपही गेलं अन् पीठही.

"अवं," ते म्हणे, "शेवटच्या अध्यायात काय आहे, हे तुले आधीच ठाऊक होतं ना?"

"शंका काढू नाई म्हणते," सासूबाई म्हणे.

मामाजीनं अंक फडक्यात बांधला. गाठ मात्र मारली नाई.

कापूस जाईन त्या भावानं गेला. वाडी राह्यली. पण गावचं ऐका! दौलतराव दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. "पाटील, एवढ्या घाईनं शेवटचा अध्याय लावायचं काय नडलं होतं? चांगली चालली होती लढाई! तुमीच संपवली!" अन् अर्धं गाव आजही हेच म्हणते. अमेरिकेची लढाई आमच्या ओसरीवर एका मंगळवारी संपली, अन् ती पाटलीणबाईनं संपवली. मामाजी ना हो म्हणे, ना नाई म्हणे. नारळ मात्र बंद झाले.

यंदा माझ्या नवऱ्याले अकोल्याले काम लागलं, तवा आम्ही मूर्तिजापूरले रेल धरायले निघालो. बैलगाडी वाडीच्या बांधावरून गेली. विहिरीच्या थाळ्याजवळ सासूबाई बसलेल्या, उघड्यावर, भर सकाळी, हातात अंक. समोर मामाजी मेथीच्या जुड्या बांधून राह्यले होते. चष्मा सासूबाईच्या नाकावर होता. त्यायले तं खरंच लागत होता.

"क्रमानं वाच," मामाजी म्हणे.

"पयले आजचं. मग कालचं."

मामाजीनं जुडी बांधली, खाली ठेवली. गाडी पुढं निघालीच होती, मी पाया पडायले हाक मारणार, तेवढ्यात ते हळूच, जसं कोणी आयकू नाई असं, म्हणे, "मग पाह बरं, त्या वेचणाऱ्या बायायचं पुढं काय झालं, ते काई आलं का?"

सासूबाईनं पान उलटलं अन् शोधू लागल्या. मी हाक मारलीच नाई.